फॉगरचं कर्ज राहू द्या, आधी भिंती उतरवा

प्रश्न : संगमनेर तालुक्यात माझ्या दहा एचएफ (होल्स्टिन) संकरित गाई आहेत. उन्हाळ्यात दूध १२० लिटरवरून ९५ वर येतं. फॉगर (पाण्याचा बारीक फवारा) आणि पंख्यांच्या संचाचं साडेचार लाखांचं कोटेशन आलंय. वर्षभर गाईमागे तीन लिटर वाढेल म्हणतात. बारा टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढू, की दोन लाखांची एफडी मोडून उरलेलंच घेऊ? कर्जासोबत वर्षाला ४८ हजारांची पॉलिसी घ्यावीच लागेल म्हणे. गोठा ४५ बाय २०, पक्का, चारी बाजूंनी भिंती, पत्रा आठ फुटांवर. थंडीत पहाटे डोळे चुरचुरतात, पत्र्यावरून पाणी ठिबकतं, तेवढं सोडलं तर अडचण नाही.

उत्तर : तेवढं सोडून कसं चालेल? डोळ्यांना झोंबतो तो मुता-शेणातला अमोनिया. ठिबकतं ते गाईंच्या श्वासातलं बाष्प, गार पत्र्याला लागून पाणी झालेलं. म्हणजे थंडीतसुद्धा तुमच्या गोठ्यातून हवा बाहेर पडत नाही. अशा पेटीत फॉगर लावलात, तर दमट हवा आतच कोंडणार. मग गाईला धापा टाकूनही अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही, खाली ओल राहते, आणि दगडी (कासेला सूज) होते. तो खर्च कोटेशनमध्ये नसतो.

हिशेब बघा. हप्ता महिना दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. घट २५ लिटर, दर ३२ रुपये, तीन महिने : ७२ हजार. सगळी घट भरून निघाली (निघत नाही) तरी हप्ता सुटत नाही, वीजबिल वेगळंच. आणि वर्षभर तीन लिटर? डिसेंबरात फॉगर कोणता उन्हाळा घालवणार आहे?

गवंडी आणि वेल्डर बोलवा. पत्रा भिंतींवर टेकला असेल तर आधी लोखंडी खांब, आणि त्यातच वळचण दहा-अकरा फुटांवर न्या. मग लांबीच्या दोन्ही भिंती कमरेपर्यंत उतरवा. छपराच्या माथ्याला फट ठेवा : दहा फूट रुंदीला दोन इंच, म्हणजे तुम्हाला चार. वर टोपीसारखा पत्रा. पत्र्याला वरून चुना, उन्हाळ्यात पाचट. गाईंपुढे पाणी दिवसरात्र. ढोबळ दीड लाख, एफडीतून भागेल.

पॉलिसी ‘घ्यावीच लागते’ असा नियम नाही. सांगणाऱ्याकडे लेखी मागा, पुन्हा विषय काढणार नाही. सात लाखांच्या गाई मात्र बिनविम्याच्या दिसतात. कानात बिल्ला मारून त्यांचा विमा आधी उतरवा.

येत्या उन्हाळ्यात रोजचं दूध वहीत लिहा. तरी घट राहिली तर पंखे घ्या. फॉगरचं त्यानंतर बघू.