बॅच फाइल हाताने चालते, रात्री का अडते?

फोंड्याहून आपण विचारले आहे की, बिल्डची, म्हणजे प्रोग्रॅम तयार करण्याच्या कामाची, बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञा ओळीने लिहिलेली फाइल) हाताने चालवली तर नीट चालते, पण तीच टास्क शेड्युलरने (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीने) रात्री चालवली की पाथ, म्हणजे फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता, सापडत नसल्याचा संदेश येतो. शिवाय फाइली कॉपी करण्यासाठी एक्सकॉपी या आज्ञेऐवजी रोबोकॉपी ही आज्ञा घेतल्यापासून सर्व फाइली पोहोचूनही बिल्ड अयशस्वी ठरतो. या दोन स्वतंत्र अडचणी आहेत.

सापेक्ष पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून पूर्ण न लिहिलेला पाथ, स्क्रिप्ट (बॅच फाइल) जिथे ठेवली आहे तिथून नव्हे, तर त्या क्षणी जो फोल्डर चालू असेल तिथून धरला जातो. शेड्युलरमधला 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा असेल, तर हा चालू फोल्डर सहसा विंडोजचा सिस्टम३२ असतो. त्यामुळे टक्काचिन्ह, टिल्डे, डी, पी आणि शून्य हे सलग लिहून स्क्रिप्टचा स्वतःचा फोल्डर मिळवावा आणि प्रत्येक पाथ तिथूनच सुरू करावा. 'मडगाव शाखा' अशा फोल्डरच्या नावात मोकळी जागा असते, म्हणून पाथ दुहेरी अवतरणात घालावाच लागतो, आणि खरी मेख इथेच आहे: वरील पाथ बॅकस्लॅशने संपतो, त्याला लागून अवतरणचिन्ह आले की रोबोकॉपी ते चिन्ह पाथचाच भाग समजते आणि पुढचा पाथही त्यातच ओढला जातो. बॅकस्लॅश आणि अवतरणचिन्ह यांच्यामध्ये एक टिंब द्यावे. पाथचा अर्थ बदलत नाही आणि गोंधळ टळतो.

रोबोकॉपीचा एक्झिट कोड, म्हणजे आज्ञा संपताना ती परत करते तो आकडा, मात्र इतर आज्ञांसारखा वाचता येत नाही. ० म्हणजे कॉपी करण्याजोगे काही नव्हते, १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, २ म्हणजे गंतव्य फोल्डरमध्ये जास्तीच्या फाइली आहेत. हे आकडे बेरजेने येतात, म्हणून ३ हेही यशच होय. अपयश ८ पासून सुरू होते, पण शून्याखेरीज काहीही आले की बिल्डची बहुतेक साधने ते अपयश मानतात. आज्ञेच्या लगेच खालच्या ओळीत 'इफ एररलेव्हल ८' ही अट घालून १ हा एक्झिट कोड देऊन बाहेर पडावे, आणि स्क्रिप्टच्या शेवटी स्पष्टपणे ० परत करावा. ही अट '८ किंवा त्याहून अधिक' अशीच वाचली जाते.

पुन्हा प्रयत्नांची संख्याही स्वतः ठरवून द्यावी. ती न दिल्यास कुणी उघडून ठेवलेल्या एकाच फाइलसाठी रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी १० लाख वेळा प्रयत्न करते, आणि सकाळी बिल्ड तिथेच अडकलेला दिसतो. 'मिर' हा पर्याय मी बिल्डमध्ये टाळतो, कारण स्रोतात नसलेले सर्व काही तो गंतव्य फोल्डरमधून पुसून टाकतो.