नवं सिलिंग, ताजा रंग आणि वरचा मजला

डोंबिवलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 38, नवरा-बायकोचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 5 हजार, मुलगी तिसरीत. पूर्वेला 1994 सालच्या, 16 फ्लॅटच्या इमारतीत तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट 62 लाखांत ठरलाय. एक लाख टोकन दिलंय. बँक 49 लाख द्यायला तयार आहे, टोकन धरून स्वतःचे 18 लाख आहेत. विचारलंय इतकंच, की कर्ज 15 वर्षांचं घ्यावं की 20?

पुढे ते लिहितात: "दुसऱ्या मजल्यावरचा असाच फ्लॅट 67 लाखांना गेला, आम्हाला 5 लाख स्वस्त मिळतोय. मालकांनी नुकतंच पीओपी सिलिंग आणि रंग करून घेतलाय, त्यामुळे आमचा तो खर्च वाचला. मेंटेनन्स फक्त 1,200 आहे. आणि एजंट म्हणतात, तीन वर्षांत रीडेव्हलपमेंट नक्की."

मुदतीचं नंतर बघू. आधी सांगा, तुम्ही गच्चीवर गेला होतात का? पत्रात गच्चीचा शब्दसुद्धा नाही.

घर विकायला काढलेला माणूस वरच्या मजल्यावर नवं सिलिंग कशाला करेल? हौसेनेही करेल, मी त्याला खोटं ठरवत नाही. पण स्लॅबवरचे ओलीचे डाग आणि सुटलेले पोपडे झाकायला पीओपीइतकं सोयीचं दुसरं काही नाही. त्यात तुम्ही घर पाहिलंत मार्चमध्ये. मार्चमध्ये कुठलीच गच्ची गळत नाही.

गळती म्हणजे फक्त रंग खराब होणं नव्हे. गच्चीच्या कोब्याला तडा जातो, पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आतल्या सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. म्हणून सिलिंगचा एखादा भाग उघडून दाखवा, असं मालकांना स्पष्ट सांगा. पंख्याचा हूक बघा, तो गंजून लाल झाला असेल तर पाणी तिथवर पोचलंय. मग गच्चीवर जा. पाणी साचून काळं-हिरवं झालेलं कुठे दिसतं, पावसाळी पाइपांची तोंडं मोकळी आहेत का, कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे भेग आहे का, टाकीखाली ओल आहे का, कोणी स्लॅबमध्ये भोकं पाडून अँटेना ठोकलीय का, हे सगळं डोळ्यांनी बघा. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) येऊन गेला यावर विसंबू नका. तो बँकेचं तारण बघतो, तुमचं छप्पर नाही. आपला स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. त्याची फी 62 लाखांपुढे किरकोळ आहे.

"गच्ची सोसायटीची, दुरुस्ती सोसायटी करेल," असं तुम्हाला सांगतील. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, ते बरोबरच आहे. पण सोसायटीकडे पैसे आहेत का? 1,200 गुणिले 16, म्हणजे महिन्याला साधारण 19 हजार. त्यात वॉचमन, सफाई, पंपाचं नि जिन्यातलं वीजबिल आणि पाणीपट्टी. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत, काय पडत असेल? तुम्हाला आवडलेला तो कमी मेंटेनन्स मला सगळ्यात जास्त खुपतोय.

आता ढोबळ हिशेब. गच्ची 3,000 चौरस फूट आणि वॉटरप्रूफिंग फुटाला दीडशे धरलं, तर साडेचार लाख, म्हणजे घरटी 28 हजार. हे झेपेल. पण कॉलम, बीम, स्लॅब सगळंच दुरुस्तीला काढावं लागलं आणि खर्च 50 लाखांवर गेला, तर घरटी तीन लाखांच्या वर. ती वर्गणी काढली जाईल तेव्हा सभासद तुम्ही असाल. 5 लाखांच्या स्वस्ताईतले तीन तिथेच गेले.

आणि ते तीन लाख आणणार कुठून? 62 वजा 49, म्हणजे 13 लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे सुमारे साडेचार लाख. एजंटची दलाली 60 हजार. झाले 18 लाख! किल्ली हातात येईल त्या दिवशी खात्यात शून्य, घरात शाळकरी मुलगी आणि डोक्यावर न तपासलेला स्लॅब. पत्र वाचताना मला काळजी वाटली ती याची.

सेक्रेटरींकडे तीन गोष्टी मागा: स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल, पाच वर्षांचे हिशेब आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. उपविधींप्रमाणे 30 वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवालच नसेल, तर तेवढ्यावरून समजा. इतिवृत्तात "गळती" शब्द शोधा. रीडेव्हलपमेंटचा ठराव आहे का, सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीच्या मालकीचं हस्तांतर, झालंय का, तेही तिथेच कळेल. ही दोन्ही नसतील तर एजंटची तीन वर्षं विसरा. त्याची दलाली तीन वर्षांनी नाही, आत्ता मिळते.

बँकेने 1 लाख 90 हजारांच्या एकरकमी हप्त्याचा आयुर्विमा कर्जातच घातलाय, असंही तुम्ही लिहिलंय. तो काढायला सांगा. 20 वर्षं हप्त्यांतून फेडताना त्याचे जवळपास 4 लाख होतात. विमा हवाच, पण साधा टर्म प्लॅन, बाहेरून, दोघांचाही.

राहिला तुमचा प्रश्न. 20 वर्षं घ्या. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साडेबेचाळीस हजार बसतो, 15 वर्षांचा 48 हजारांच्या वर जातो आणि तुमच्याकडे तेवढी ढील नाही. हातात पैसे आले की मुद्दल फेडा. पण हे सगळं इंजिनिअरचा अहवाल बघून. तो वाईट निघाला, तर दुरुस्तीची रक्कम किमतीतून कमी करून मागा आणि आधीच मंजूर झालेली वर्गणी मालक भरेल असं करारात लिहून घ्या. मालक यातलं काहीच ऐकत नसतील, सिलिंग उघडू देत नसतील, तर टोकनचे एक लाख सोडा आणि दुसरं घर बघा.