४ = ५ या सिद्धतेत चूक नेमकी कुठे आहे?

प्रश्नातली मांडणी अशी: १६ − ३६ = २५ − ४५, कारण दोन्हीकडे −२०. मग दोन्ही बाजूंत ८१/४ मिळवले, की (४ − ९/२)² = (५ − ९/२)² असं होतं. वर्ग काढून टाकले, ९/२ उडवले, उरलं ४ = ५.

इथपर्यंत बेरजा-वजाबाक्या सगळ्या बरोबर आहेत, म्हणूनच भलेभले फसतात. फक्त ‘वर्ग काढून टाकले’ इथे थांबा आणि कंसांच्या किमती काढा. ४ − ४.५ म्हणजे −०.५ आणि ५ − ४.५ म्हणजे +०.५. दोघांचाही वर्ग ०.२५. वर्ग सारखे, पण संख्या एकमेकींच्या उलट चिन्हाच्या! धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय. इथे चिन्ह बदलून घ्यायला हवं होतं: −(४ − ९/२) = ५ − ९/२, म्हणजे ९ = ९. झालं, भांडण मिटलं.

१ = २ वाल्या प्रसिद्ध करामतीत मात्र गोम वेगळी. तिथे अ = ब धरून पुढे (अ − ब) ने, म्हणजे चक्क शून्याने भागलेलं असतं. मला स्वतःला वर्गमुळाची करामत जास्त आवडते, कारण शून्याचा भागाकार मुलं लगेच पकडतात. हरवलेलं वजाचिन्ह सहसा कुणाला दिसत नाही.