वाडे गेले, आळी आहे

प्रश्न : घोडबंदर रोडला राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. मुलगी सातवीत आहे, तिला ‘माझे शहर’ असा प्रकल्प दिलाय. जुन्या ठाण्यातली एखादी गल्ली दाखव म्हणाली, तर मला एकही सांगता आली नाही. सोसायटीतले म्हणतात, आता सगळे टॉवरच झालेत. खरंच काही उरलंय का?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : ताई, उरलंय. येत्या रविवारी सकाळी सातला जांभळी नाक्यावर या. गाडी नको, टीएमटीच्या बसने स्टेशनला उतरा आणि बाजारपेठेतून चालत या. नऊ वाजले की गर्दीत काही दिसत नाही.

मुलीला आधी कौपिनेश्वराला न्या. आत्ताचं देऊळ १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं. पिंडी चार फुटांहून उंच आहे. श्रावणी सोमवारी आजी मला उचलून धरायची तेव्हा कुठे बेल वाहता यायचा.

मग खारकर आळीत शिरा. हो, आळीच म्हणा, गल्ली नको. मी तिथेच जन्मले. आमचा वाडा कौलारू होता, पुढे ओटा, मागे विहीर. पाडला त्या दिवशी मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही. आता तिथे सात मजले आहेत. पण आळीचं वळण तसंच राहिलंय. आजोबांच्या वेळी बैलगाडी जायची तेवढीच रुंदी. समोरून रिक्षा आली की आपण भिंतीला चिकटायचं. डोळ्यांवर पट्टी बांधलीत तरी त्या वळणावरून मी आमच्या दाराशी जाऊन उभी राहीन. मुलीला सांगा, इमारतींकडे बघू नको, खाली बघ. मध्येच एखादी दगडी पायरी दिसेल, पावलांनी मधोमध झिजलेली. एखाद्या घराला लाकडी कठडा दिसेल. फोटो काढायचा तर आधी विचारा, आत माणसं राहतात. विचारलंत तर पाणीही विचारतील.

किल्ला कुठाय, असं मुलगी विचारेलच. जवळच आहे, पण आत जाता यायचं नाही, कारण आज तो मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. याच किल्ल्याशी खोदकाम करताना १७८७ मध्ये शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, इसवी सन १०१७ चा. म्हणजे हे गाव हजार वर्षांचं तरी नक्कीच, आणि आपण त्याला मुंबईचं उपनगर म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं. भिंतीशी दोन मिनिटं उभ्या राहा.

तिथून टेंभी नाका. इकडे बेने इस्रायली यहुद्यांचं सिनेगॉग आहे, ‘शआर हाशामायीम’, म्हणजे स्वर्गाचं दार. ही माणसं घरी मराठीच बोलत, आडनावं पेणकर, रोहेकर अशी. कोकणात तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सिनेगॉग १८७९ सालचं. आणि त्याच १८७९ मध्ये गावातल्या हिंदूंनी वर्गणी काढून कौपिनेश्वराची दुरुस्ती केली. एकाच वर्षी, पायी पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, दोन देवांच्या घरांचं काम! मला हे कळलं तेव्हा मी साठीची होते. तुमच्या मुलीला सातवीतच कळू दे. आत जायचं असेल तर आधी परवानगी घ्या, नाहीतर बाहेरून बघा.

भूक लागेल तेव्हा मामलेदारची मिसळ खा. मुलीसाठी तिखट कमी सांगा.

प्रकल्पाला छापील नकाशा चिकटवू नका. खारकर आळी तिला हाताने काढू दे, प्रत्येक वळणासकट. मग आळीतल्या एखाद्या आजी-आजोबांना दाखवून विचारा, इथे आधी काय होतं. ते सांगतील ते त्या-त्या जागी तिने लिहायचं. नकाशा मासिकाच्या पत्त्यावर पाठवलात तर आमची विहीर कुठे होती तिथे मी खूण करून परत पाठवीन.