केळीच्या खोडाचं नॅनोसेल्युलोज: ॲसिडमध्ये लगदा काळा का पडला?

तुमची अडचण थोडक्यात अशी: नॅनोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजचे नॅनो आकाराचे स्फटिकी कण, काढायला घेतलेले केळीच्या खोडाचे धागे कॉस्टिक सोडा आणि ब्लीचिंगनंतर छान पांढरे झाले, पण ६४ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ४५ अंशांवर पाऊण तास ठेवल्यावर सगळं काळं पडलं. आता वेळ कमी करावी का, असं विचारलंय.

वेळेला हात लावू नका. तुम्हीच लिहिलंय, '६४ मिली ॲसिड, ३६ मिली पाणी.' घोटाळा तिथेच आहे. या प्रयोगातले ६४ टक्के वजनाने मोजतात. बाटलीतलं ९८ टक्के ॲसिड पाण्याच्या १.८४ पट जड असतं, त्यामुळे तुमचं मिश्रण वजनाने ७५ टक्क्यांवर गेलं. एवढ्या तीव्र ॲसिडात आपल्याला हवा असलेला स्फटिकी भागही टिकत नाही. सेल्युलोज विरघळतं, त्याची साखर होते आणि साखर करपते. १०० ग्रॅम द्रावणासाठी साधारण ३५ ग्रॅम पाणी आणि ६५ ग्रॅम ॲसिड घ्या, म्हणजे मापात जवळपास निम्मं-निम्मं. बर्फात ठेवलेल्या पाण्यात ॲसिड थेंबथेंब सोडायचं, उलटं कधीच नाही. धागे टाकायचे ते द्रावण ४५ अंशांवर स्थिर झाल्यावरच.

वेळ भरली की दहापट गार पाणी ओतून क्रिया थांबवा आणि सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून गाळ तळाला बसवा. पहिल्या एक-दोन धुण्यांत वरचं पाणी स्वच्छ येतं, ते फेकायचं. पुढे ॲसिड कमी होत गेलं की वरचं पाणी दुधाळ दिसायला लागतं. तेच तुमचं नॅनोसेल्युलोज! ॲसिडमुळे कणांवर सल्फेट गट बसलेले असतात. त्यांचा ऋण भार कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून ते तळाला बसत नाहीत. मी पहिल्या खेपेला हे दुधाळ पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि तळातला गाळ जपून ठेवला. दोन आठवडे त्या गाळाचा अभ्यास चालला होता, हसू नका. हे दुधाळ पाणी डायलिसिसच्या नळीत (हिच्या पडद्यातून ॲसिड बाहेर जातं, कण आत राहतात) भरून, बाहेरचं पाणी बदलत, पीएच स्थिर होईपर्यंत ठेवा. मग थोडं सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी कण सुटे करणं, तेही बर्फात.

सोड्याबद्दल एक शंका. ४-५ टक्के पुरतो. 'लिग्निन (धागे चिकटवून ठेवणारा घटक) चांगलं निघावं' म्हणून काही जण १५-२० टक्क्यांवर जातात आणि सेल्युलोजची स्फटिकरचनाच बदलते, 'सेल्युलोज १' चं 'सेल्युलोज २' होऊन बसतं. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणाऱ्या चाचणीत) २२.६ अंशांच्या एका ठळक शिखराऐवजी १२, २० आणि २२ च्या आसपास शिखरं दिसली तर तसं झालंय असं समजा. अशा नमुन्यावर स्फटिकतेची टक्केवारी काढायचं सेगलचं सूत्र लावू नका. ते १९५९ चं, कापसासाठी काढलेलं आहे. २२.६ आणि १८ अंशांवरच्या उंचीवरून मिळणारा आकडा आधी आणि नंतरच्या नमुन्यांची तुलना करायला चालतो. '७८.४३ टक्के स्फटिकता' असं दशांशासकट छापण्यात अर्थ नाही.

डीएलएसमध्येही (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रात) हीच गंमत. ते यंत्र प्रत्येक कण गोल धरतं आणि तुमचे कण काडीसारखे आहेत. त्याने १५० नॅनोमीटर सांगितलं म्हणजे लांबी १५० झाली असं नाही. लांबी-जाडीसाठी टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) किंवा एएफएम (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) यांपैकी एक हवंच. वाळवलेल्या पावडरीचा एसईएम (पृष्ठभागाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो) काढून 'नॅनो' सिद्ध होत नाही, कारण वाळताना कण एकमेकांना घट्ट चिकटतात. म्हणून थोडं द्रावण न वाळवता फ्रीजमध्ये राखून ठेवाच.

या यंत्रांची वेळ बुक करण्याआधी एक फुकटची चाचणी: एकमेकींशी काटकोनात फिरवून धरलेल्या दोन पोलरॉइड फिल्मच्या मधे द्रावणाची बाटली हलवा. फार पातळ नसेल तर उजळ पट्टे चमकतील. काहीच चमकलं नाही तर टीईएमचे पैसे सध्या वाचवा.

ब्लीचिंगनंतरचा एफटीआयआर (कोणते रासायनिक गट आहेत ते दाखवणारा अवरक्त किरणांचा आलेख) असेल तर इथे टाका. १५१० जवळ लिग्निनचं आणि १७३५ जवळ हेमिसेल्युलोजचं (सेल्युलोजसोबतच्या दुसऱ्या घटकाचं) शिखर उरलंय का, ते बघू. उरलं असेल तर ॲसिडच्या आधी ब्लीचिंगची आणखी एक फेरी करावी लागेल, आणि ती फ्यूम हुडमध्येच. ब्लीचिंगच्या क्लोराइटमधून निघणारा वायू घशाला लागतो.