गोमाची बोट गोव्यात कशी बुडाली

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. तुमचे गोव्यातल्या साखळी गावचे काका शिकलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, तरी 'गोव्यात बोट बुडाली' हा व्हिडिओ खरा धरून सगळ्या नातेवाइकांना पाठवतात आणि पुण्याची आत्या रडत फोन करते, हे होतंच कसं, हा एक. आणि अशी चमत्कारिक बातमी खोटी आहे हे ओळखायचं कशावरून, हा दुसरा. मी पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर बावीस वर्षं काढली. दोन्हीकडून फसलोय. खोटी बातमी छापलीय आणि खरी कचऱ्याच्या टोपलीत टाकलीय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी ती बोट. व्हिडिओ बनावट नव्हता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काँगोतल्या किवू सरोवरात, मिनोवाहून गोमा शहराकडे निघालेली, माणसांनी खच्चून भरलेली बोट धक्का समोर दिसत असताना कलंडली. पहिल्या अधिकृत आकड्यांतच मेलेल्यांची संख्या ७८ होती. आता गोमा इंग्रजीत लिहा आणि मधला एम गाळा. उरतं ते आपलं गोवा. एम कोणी मुद्दाम गाळला की टाइप करताना बोट घसरलं, देव जाणे. पण पुढे त्याला शेपूट मात्र व्यवस्थित लावलं गेलं. मालकाची हाव, प्रवाशांचा फाजील आत्मविश्वास, २३ मृतदेह सापडले, ४० वाचले, ६४ बेपत्ता. शेवटी गोवा पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला की ही दुर्घटना इथली नाही, आफ्रिकेतल्या गोमाची आहे.

तुमच्या काकांनी जन्मात कितीदा तरी रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी पकडली असेल. आपली फेरीबोट कशी असते हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. सपाट, टोकाला उतरती फळी, मधे स्कूटर आणि गाड्या, कडेला उभी राहिलेली माणसं. व्हिडिओतली बोट त्यातली नव्हे, हे दोन सेकंदांत दिसतं. पण काकांनी बोट बघितलीच नाही. वरची ओळ वाचली, 'गोवा' हा शब्द वाचला आणि खाली फक्त कलंडणं बघितलं. आपण सगळेच तसं करतो. आधी मथळा वाचतो, मग फोटोत मथळ्याला पटेल तेवढंच बघतो. मथळे देऊन मी पोट भरलंय, म्हणून सांगतो.

एवढ्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं ते एवढंच. खोटी निघणारी विचित्र बातमी सहसा अख्खी खोटी नसते. कुठला तरी खरा तुकडा उचलून परक्या गावात, परक्या तारखेला नेऊन ठेवलेला असतो. म्हणून 'असं होऊ शकतं का?' हे विचारण्यात अर्थ नाही. जगात काहीही होऊ शकतं. 'हे कुठलं आणि कधीचं?' असं विचारलं की बातमीचे पाय दिसायला लागतात.

पुराच्या पाण्यात, मोटारीच्या शेजारून शार्क पोहतोय, तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. २०११ साली आयरीन वादळात तो प्युर्टो रिकोचा होता, २०१७ साली हार्वे वादळात ह्यूस्टनचा झाला. मुळात तो मासा दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला. थॉमस पेशाक या छायाचित्रकाराने टिपलेल्या फोटोत तो एका कयाकच्या, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीच्या, मागे लागलेला दिसतो, आणि तो फोटो २००५ मध्ये एका मासिकात छापून आला होता. कयाक काढली, मोटार घातली. टाळेबंदीत व्हेनिसच्या कालव्यात परतलेले डॉल्फिन असेच सार्डिनियातल्या काल्यारी बंदरातून आणलेले. (डॉल्फिन बघायला व्हेनिसला कशाला? आमच्या सिकेरीच्या किनाऱ्यावर या. 'डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत' अशी पाटीच असते.) घटोत्कचाचा म्हणून फिरणारा तो अवाढव्य सांगाडा २००२ सालच्या फोटो-करामतींच्या एका स्पर्धेसाठी बनवलेला होता. त्याच्या खालचं उत्खनन खरं होतं, पण ते न्यूयॉर्क राज्यातलं, हत्तीच्या एका नामशेष भाईबंदाच्या हाडांचं. मुंबईच्या एका मासिकाने २००४ मध्ये तो भारतातल्या वाळवंटात सापडल्याचं छापलं, आणि नॅशनल जिओग्राफिकला २००७ मध्ये 'आमचा काही संबंध नाही' असं सांगावं लागलं.

हे आजचं नाही. १८३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या दैनिकाने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं राहतात म्हणून सहा लेख छापले. शोध लावणारा कोण, तर सर जॉन हर्शेल. हर्शेल खरे होते, नामांकित होते आणि त्या वेळी खरोखरच दुर्बीण घेऊन दक्षिण आफ्रिकेत केपला बसलेले होते. फक्त त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

पण तुम्ही साखळीकडच्या, म्हणून तुमच्याच डिचोली तालुक्याचं उदाहरण देतो. मला विचाराल तर सगळ्यांत कमाल तेच.

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर डिचोलीच्या युद्धाचा लेख आला. १६४० ते १६४१, एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला मराठा साम्राज्य, शेवटी तह. सुमारे साडेचार हजार शब्द, खाली संदर्भग्रंथ, पानांचे क्रमांक. दोनच महिन्यांत त्याला 'चांगला लेख' असा दर्जा मिळाला. आणि तो तिथे पाच वर्षं राहिला. २०१२ च्या अखेरीस एका संपादकाने खालचे संदर्भ एकेक करून शोधायला घेतले, तर ती पुस्तकंच सापडेनात. युद्धही नव्हतं. लेख काढून टाकला, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याची जगभर बातमी झाली.

यात दुर्बीण लागत नाही, चौथीच्या इतिहासाचं पुस्तक पुरतं. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. १६४० साली ते दहा वर्षांचे. कुठलं मराठा साम्राज्य? डिचोलीवर तेव्हा अंमल आदिलशाहीचा. पोर्तुगीजांच्या हाती हा भाग आला तो नव्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी मागाहून जिंकलेल्या मुलखात, आणखी जवळजवळ दीडशे वर्षांनी. तरी पाच वर्षं कोणाला खटकलं नाही, कारण आजूबाजूचं सगळं खरं आहे. डिचोली आहे, पोर्तुगीज होते, मराठे पुढे खरंच आले. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार महाराजांनी १६६८ मध्ये केला, संभाजीराजांनी १६८३ मध्ये पोर्तुगीजांना सळो की पळो करून सोडलं. खऱ्या युद्धांच्या गर्दीत एक खोटं युद्ध उभं केलं तर त्याला हटकणार कोण? लिहिणाऱ्याने चंद्रावरची माणसं आणली असती तर दुसऱ्या दिवशी पकडला गेला असता. त्याने कंटाळवाणा तह आणला.

आता माझं पाप. नव्वदीच्या दशकात तिसवाडीतल्या एका गावातून आमच्या वार्ताहराचा फोन आला. घराचा पाया खणताना पोर्तुगीजकालीन भुयारी मार्ग सापडला. गोव्यात ज्या गावाला भुयार नाही ते गाव दाखवा. प्रत्येक देवळातून नाहीतर इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, एक भुयार निघतं आणि नदीपलीकडे कुठे तरी उघडतं, आणि आत गेलेला बाजा वाजवणारा परत येत नाही. हे आजीच्या मांडीवर ऐकलेलं होतं. पान सोडायला वीस मिनिटं राहिली होती. फोटो आला होता, चिऱ्यांची कमान, आत काळोख. मी पहिल्या पानावर चौकट केली आणि मथळ्यात 'पोर्तुगीजकालीन' ठोकून दिलं. प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला एक म्हातारे गृहस्थ ऑफिसात आले. हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी. माझ्या टेबलावर त्यांनी पुडकं उलगडलं. आत कौलाचा तुकडा होता, त्यावर वाळलेलं शेवाळ. म्हणाले, "पुता, तो पाट आमच्या आज्यान बांदिल्लो. पुर्तुगेज खंय आयले थंय?" बागायतीचं पाणी रस्त्याखालून पलीकडे न्यायला बांधलेला पाट. ते शांतपणे बसले, चहा प्यायले, त्या पाटाला मजुरी कोणी किती घेतली तेही सांगितलं. मी तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा दिला. चौकट पहिल्या पानावर, खुलासा सहाव्या. हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे, आणि त्याचं समर्थन मला कधी जमलं नाही.

गणपती दूध प्यायला ते प्रकरण जरा वेगळं. गुरुवार, २१ सप्टेंबर १९९५. पहाटे दिल्लीत सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत लंडनच्या देवळांतही रांगा. तिथे कोणी काही दुसरीकडून उचलून आणलं नव्हतं, डोळ्यांसमोर घडत होतं. मीही रांगेत उभा राहिलो, खोटं कशाला सांगू. चमचा सोंडेला टेकवला आणि दूध खरंच ओढलं गेलं, अंगावर काटा आला. मग सहज खाली बघितलं, तर पुजाऱ्याच्या धोतराचा काठ भिजलेला आणि फरशीवर पांढरा ओघळ गटाराकडे चाललेला. पृष्ठताणामुळे दुधाचा थेंब दगडाला टेकताच चमच्यातून ओढला जातो आणि पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतो. पांढरं दूध ओल्या दगडावर दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं तेव्हा ते दिसलं. तेव्हा तिसरा प्रश्नही विचारत जा. ते दूध गेलं कुठे?

आणि आता उलटी बाजू, नाहीतर तुम्ही सगळंच खोटं धरायला लागाल. सांगेकडच्या एका वार्ताहराने एकदा फोनवर सांगितलं की गावकऱ्यांनी काळा वाघ पाहिला. मी हसलो. काल रात्री किती घेतलीस, असं विचारलं आणि बातमी टोपलीत टाकली. तो परत कधी जंगलाची बातमी घेऊन माझ्याकडे आला नाही. २०२० च्या मे महिन्यात नेत्रावळी अभयारण्यात कॅमेऱ्याने काळा बिबटा टिपला आणि मुख्यमंत्र्यांनीच तो फोटो लोकांपुढे ठेवला. गोव्यात वाघ राहत नाहीत, शेजारून फिरायला येतात, असंही बरीच वर्षं ठासून सांगितलं जात होतं. त्याच वर्षी जानेवारीत म्हादईच्या अभयारण्यात, सत्तरीतल्या गोळावलीला, एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेलेले सापडले. आणि दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, हे मी मराठवाड्यातल्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, फॉरवर्ड आहे का? शार्कचं तर असं झालं की २०२२ साली इयन वादळात फ्लोरिडातल्या एका अंगणात शार्कसारखा मासा पोहतानाचा व्हिडिओ आला, सगळ्यांनी 'आला पुन्हा तोच' म्हणून उडवला, आणि तपासल्यावर तो खरा निघाला.

काकांचं म्हणाल, तर घरच्या ग्रुपवर त्यांना चारचौघांत खोटं पाडू नका. ते मागे हटणार नाहीत, उलट दुसरा व्हिडिओ टाकतील. फोन करा आणि विचारा, "काका, ही बोट कुठल्या धक्क्यावरची?" बेती, पणजी, वास्को, काय म्हणतात ते ऐका. त्यांना तिथलं तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते स्वतःच अडखळतील. मग व्हिडिओ मधेच थांबवून त्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्सला द्या, आणि जे निघेल ते त्यांच्याच हाताने ग्रुपवर टाकू द्या. आत्याला तुम्ही आधी फोन करा.

मागच्या पावसाळ्यात त्या तिसवाडीतल्या गावातून जाण्याचा योग आला. चहाला थांबलो. दुकानदाराने मी पणजीचा म्हटल्यावर कौतुकाने विचारलं, आमचं भुयार बघितलं का? मी म्हटलं, तो पाट ना? त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे लॅमिनेट केलेलं, पिवळं पडलेलं कात्रण होतं, पहिल्या पानावरची चौकट, माझाच मथळा. "पेपरात आयिल्लें," तो म्हणाला.