मास्किंग : आच्छादन की लोप?

प्रश्न असा आहे : रडारवरच्या लेखाचं मराठी करताना, जोरदार संकेतापायी शेजारचा क्षीण संकेत सापडेनासा होतो त्या 'मास्किंग'ला 'आच्छादन' म्हटलं तर चालेल का?

मला ते पटत नाही. 'लोप' म्हणावं.

आच्छादनात मध्ये काहीतरी आडवं येतं. चंद्र ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही; ते पिधान. डोंगराआडून उडणारं विमान रडारला दिसत नाही, तेही त्याच जातीचं. इंग्रजी त्यालाही मास्किंगच म्हणते, म्हणून घोटाळा होतो. तुमच्या लेखातला संकेत मात्र अँटेनापर्यंत आलेला आहे. शेजारच्या झगझगाटातून तो वेगळा काढता येत नाही, एवढंच. यासाठी पंचांगात शब्द तयार आहे : शुक्र सूर्याच्या फार जवळ गेला की लोप, पुन्हा दिसू लागला की दर्शन. अगस्ति लोप, अगस्ति दर्शन हेही तसंच. ('अस्त'ही म्हणतात, पण रोजच्या मावळण्याशी त्याची गल्लत होते.)

आकड्यांत पाहा. पल्स कॉम्प्रेशन (लांब पल्स पाठवून परतलेला संकेत नंतर गणिताने आखूड करणं) वापरणाऱ्या रडारमध्ये प्रत्येक संकेताच्या मुख्य शिखराशेजारी छोटी शिखरं उमटतात, ते साइडलोब. काहीच उपाय केला नाही तर त्यातलं पहिलं मुख्य शिखराच्या सुमारे 1/20 शक्तीचं असतं. समजा मालवाहू जहाजाकडून 1000 एवढा संकेत परतला आणि जवळच्या होडीकडून 1. जहाजाचा साइडलोबच 50 झाला. होडी त्यात कुठे सापडणार! हॅमिंगचा भारांक लावला, म्हणजे संकेताच्या कडांना ठरावीक प्रमाणात कमी वजन दिलं, की साइडलोब सुमारे 1/20,000 वर येतात, म्हणजे 0.05, आणि होडी वर निघते. मुख्य शिखर तेवढं रुंदावतं, त्यामुळे अगदी लगटून असलेली होडी तरीही हाती लागत नाही. तिथे आधी जहाजाचा संकेत त्याच्या साइडलोबांसकट वजा करावा लागतो. यान हॉगबोम यांनी 1974 साली रेडिओ खगोलशास्त्रासाठी मांडलेली 'क्लीन' पद्धत अशीच चालते : सर्वांत तेजस्वी बिंदू घ्यायचा, त्याचा वाटा थोडा थोडा काढत जायचा.

एक आक्षेप रास्त आहे. 'प्रथा लोप पावली' म्हणजे ती संपली, असं आपण समजतो. पण पाणिनीची व्याख्याच 'अदर्शनं लोपः' अशी आहे. लोप म्हणजे न दिसणं, नसणं नव्हे. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचं कार्य होतच राहतं, हेही त्याने पुढे लगेच सांगितलं आहे. होडीचा 1 त्या बेरजेत असतोच, तसं.

तेव्हा डोंगराच्या बाबतीत 'विमान डोंगराआड गेलं' लिहा, आणि इथे 'जहाजाच्या साइडलोबमध्ये होडीचा संकेत लोपला'. भारांक लावल्यावर त्याचं 'दर्शन' झालं, असंही बेधडक लिहा.